आसरांची वेळ

लग्न होऊन मी डिलाईल रोडच्या चाळीत आले, तेव्हा सासूबाईंनी आधी विहीर दाखवली. मागच्या अंगणात होती. आत साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, राहतात, दुपारी बारा ते दोन त्यांची वेळ, तेव्हा पाणी काढायचं नाही. बाराच्या आधी दोर रहाटावरून निघायचा आणि आमच्या खोलीत खुंटीला लागायचा. तेवढ्या वेळात झरा भरून यायचा. मे महिन्यातही पाणी पुरायचं. हा नेम सासूबाई, सुभद्राबाई, तीस वर्षं सांभाळत होत्या. समोरच्या चाळीतली महार माणसं मात्र कुठल्याच वेळी विहिरीवर येत नसत. पाटी नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं. गोळीबार झाले, करफ्यू लागला. रस्त्यावरचा नळ पहाटे यायचा, पण बाहेर पडायची बंदी. कुणीतरी तोटी उघडी टाकून पळालं होतं. मी गॅलरीतून बघायची, पाणी रिकाम्या रस्त्यावरून गटारात चाललेलं. सूट मिळायची ती फक्त बारा ते एक.

तिसऱ्या दिवशी त्या तासाभरात समोरची सुंदराबाई हंडा घेऊन आली. गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. तिची पाच वर्षांची बकुळा तापाने फणफणली होती.

"सुभद्राबाई, पोरगी पाणी पाणी करतेय. घरात थेंब नाही. एक हंडा द्या, मी लांब उभी राहते."

"बारा वाजले गो. आता दोर मिळाचो नाय. आसरांची वेळ आसा."

"त्या पाण्यातच राहतात. तहान काय असते त्यांना काय ठाऊक?"

"येडावाकडा बोला नको. सकाळी ये."

"सकाळी पोलीस येऊ देतील? तुम्हीच सांगा त्यांना!"

आमच्या खोलीत पिंप भरलेलं होतं. मला ते आठवलं नाही असं नाही. सासूबाईंपुढे तोंड उघडलं नाही, एवढंच. एक वाजेपर्यंत सुंदराबाई उभी राहिली आणि रिकामा हंडा घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता समोरून चार माणसं बकुळाला घेऊन निघाली. तासाभरात उरकायचं होतं, म्हणून जवळजवळ धावतच.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सकाळी उठून चाळीला सांगितलं, "आसरा सपनात इल्यो. वेळ बदलल्यानी. धा ते बारा त्यांचे, बारापासून माणसांचे."

"आसरांनापण करफ्यूचा टायम कळला वाटतं!" शेजारचा गणपत म्हणाला. कुणी हसलं नाही.

बाराला विहीर भरलेली असायची. सासूबाई स्वतः रहाट ओढत आणि समोरच्या बायकांच्या हंड्यांत वरून पाणी ओतत. सुंदराबाई मात्र बकुळा गेल्याच्या पाचव्या दिवशी आली. काठावर आसरांची म्हणून कुंकवाची सात बोटं असायची, तिथे त्या दिवशी आठ होती.

"ही आठवी तुझी बकुळा," सासूबाई म्हणाल्या. "आता ती हयच रवतली. मी रोज दिवो लायन."

सुंदराबाईने पदराने आठवं बोट पुसलं.

"माझी पोर तुमच्या विहिरीत नको. तिला देव केलंत की तुमचं भागलं." मग रहाटाकडे बोट केलं. "दोर इथंच राहू द्या. आमचं पाणी आम्ही आमच्या हाताने काढू. झरा दमतो म्हणता, तर वेळ आम्हीपण पाळू. पण दोर तुमच्या खुंटीला नको."

सासूबाई दोर सोडून बाजूला झाल्या. 

करफ्यू उठला, नेम पुन्हा दुपारवर आला. दोर रहाटालाच असायचा, आणि दोन्ही चाळींतलं कुणी त्या वेळेत त्याला हात लावत नसे. तरी बाराच्या सुमाराला, आम्ही जेवायला बसलो की, रहाट करकरायचा. सावकाश, लहान हातांना जड जावा तसा. कोण ते बघायला मी उठले की सासूबाई माझं मनगट धरायच्या.

"बस," म्हणायच्या. "भरून होवंदे तिचा."