कोल्बी सभेत बोलला

वेस्ट हॅलमच्या साप्ताहिकाला कुलूप लागलं, त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर गावात बातम्या कमी झाल्या असं मात्र मुळीच नाही, उलट बातम्यांना ऊत आला. पूर्वी बातमी खोटी निघाली की संपादकाच्या दारात जाऊन भांडता यायचं, आणि लोक भांडायचेही. आता भांडायला दार नाही आणि दारात उभं राहून ऐकून घेणारा माणूसही नाही.

कोल्बी थिबो एकोणीस वर्षांचा होता. डुएनच्या गॅरेजात तो टायर बदलायचा आणि आईबरोबर, म्हणजे नोरीनबरोबर, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचा. ती इमारत नुकतीच विकली गेली होती. नव्या मालकाला वरच्या खोल्या स्कीइंगला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हव्या होत्या, आणि जूनच्या आत जागा रिकामी करायची होती. गावात परवडेल अशी दुसरी जागा नव्हती. नोरीनने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारून पाहिलं होतं.

आशा होती ती सहा घरांची. जुन्या डेअरीची बंद पडलेली इमारत दुरुस्त करून तिथे कमी भाड्याची सहा घरं करायची आणि ती आधी गावातल्याच लोकांना द्यायची, असा ठराव मार्चच्या ग्रामसभेपुढे येणार होता. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम संपवून नोरीन कित्येक वर्षं या घरांसाठी नेमलेल्या समितीत राबत होती. ठराव झाला तर घरं तयार होईपर्यंत थांबायला नवा मालकही तयार होता.

"एक घर आपलं, बघ," ती जेवताना म्हणायची. "खिडकीतून नदी दिसते. आणि खाली कुणी खिळे मोजत बसणार नाही."

"मस्तच आई," कोल्बी म्हणायचा, आणि ते तो अगदी मनापासून म्हणायचा.

हीच तर त्याची गोम होती. पोरगा लबाड नव्हता. ज्याच्यापाशी बसेल त्याचं त्याला मनापासून पटायचं. अख्खं गाव दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होतं, तिथे एकट्या पोराला काय बोल लावायचा!

गॅरेजात दिवसभर वेड हॉलिस्टर चालू असायचा. हा वेड राज्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या तळघरात बसून इंटरनेटवर बातम्या सांगायचा. सांगायचा म्हणजे चिडायचा. आठवडाभर तो वेस्ट हॅलमवर चिडला होता.

"ऐकलंस?" डुएन पाना पुसत म्हणाला. "शहरातले गर्दुल्ले बस भरभरून आणणार म्हणे. त्या घरांत."

"माझी आई घेणार आहे त्यातलं एक."

"तुझ्या आईला गाजर दाखवतायत रे! भली बाई आहे बिचारी. वर्षानुवर्षं राबवून घेतलं, आणि घरं झाली की सांगतील, बाई, लागा रांगेत." डुएनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू शहाणा आहेस म्हणून सांगतो. बाकीच्यांना काय कळतंय!"

शहाणा आहेस असं कोल्बीला याआधी कुणी म्हटलं नव्हतं. शाळेतही नाही.

तेव्हा त्याने टेसाला फोन लावला. टेसा त्याची मैत्रीण, बर्लिंग्टनला कॉलेजात शिकायची, आणि वेड हॉलिस्टरचं नाव काढलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती आपली बाजू घेईल, म्हणजे आईची, असं त्याला वाटलं होतं.

"सहा घरं?" टेसा हसली. "आणि दुरुस्तीचं काम कुणाला, तर गावातल्या नेहमीच्याच कंत्राटदाराला ना? अरे, तुकडे टाकतायत तुमच्यापुढे. घर हा हक्क आहे, कोल्बी. मी इंटरनेटवर ऐकते ना एका बाईला रोज, ती बरोब्बर सांगते, असल्या मलमपट्टीला हो म्हणणं म्हणजे सगळ्या व्यवस्थेलाच हो म्हणणं."

"म्हणजे नाही म्हणू?"

"तुझा तू विचार कर ना! मी कोण सांगणारी?"

मग त्याने विचार केला. दोघं दोन बाजूंनी ढकलत असले की माणूस मधे उभा राहील असं आपल्याला वाटतं. पण ही दोघं दोन टोकांना उभी राहून एकाच दिशेला ढकलत होती, आणि कोल्बी अलगद तिकडे गेला. जाताना त्याला वाटलं, आपण आपल्या पायांनीच चाललोय.

गावाच्या फेसबुक पानावर त्याने दोन ओळी लिहिल्या. गावाचं भलं गावाला कळतं, बाहेरच्यांनी शिकवू नये, असलं काहीतरी. ज्यांनी रस्त्यात कधी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यांनी खाली शाबासकीचा पाऊस पाडला. बाप घर सोडून गेल्यापासून इतकी माणसं त्याच्याशी एकदम गोड बोलली नव्हती. नोरीनने ते वाचलं होतं की नाही, कोण जाणे. तिने विषय काढला नाही, आणि त्याचीही काढायची छाती झाली नाही.

सभा शाळेच्या जिममध्ये भरली. दारात चिखलाच्या बुटांचा ढीग, आत घडीच्या खुर्च्या, मागच्या टेबलांवर बायकांनी आणलेले बीन्स, हॅम आणि ॲपल पाय. कोल्बी डुएनशेजारी मागे बसला. नोरीन पुढे होती. अध्यक्ष मिस्टर ऑर्डवे यांनी ठराव वाचला, तशी ती उठली.

"मी नोरीन. तुमच्या पोरांना रोज जेवायला वाढते," ती म्हणाली. "मला भाषण येत नाही. मला इथेच राहायचंय, एवढंच."

कुणीतरी खोकलं. डुएनने कोल्बीला कोपर मारलं. "बोल की आता. पानावर तर वाघ होतास."

कोल्बी उभा राहिला. रात्री अंथरुणात पडून त्याने मनाशी वाक्यं जुळवली होती. तोंड उघडल्यावर ती एकामागून एक येत गेली, आणि आपला आवाज इतका ठाम आहे याचं त्यालाच नवल वाटलं.

"आम्हाला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "आम्ही गप्प बसलो म्हणून आमचं गाव दुसऱ्यांनी आपसात वाटून घेतलं. आता..."

तो श्वास घ्यायला थांबला.

"आता पुरे," मागचा एक म्हातारा पुटपुटला. डावीकडच्या दोन बायकाही तेच पुटपुटल्या, त्याच लयीत. वेड हॉलिस्टर रोज शेवटी जसं म्हणायचा, अगदी तसं.

 हे वाक्य आपलं आहे असं कोल्बी खरंच समजत होता. त्याने आईकडे पाहिलं. ती वळून त्याच्याकडेच बघत होती. रागाने नव्हे. लहानपणी शाळेच्या बसमधून उतरणाऱ्या पोरांत ती त्याला शोधायची, तशी बघत होती. गपकन खाली बसावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

"आता पुरे," कोल्बी म्हणाला.

आवाजी मतदान झालं, तेव्हा मात्र तो मूग गिळून बसला. हो आणि नाही, दोन्ही आवाज सारखेच वाटले. कुणीतरी मोजणी मागितली. ऑर्डवे म्हणाले, "हो म्हणणाऱ्यांनी उभं राहावं."

नोरीन उठली. तिच्या रांगेत ती एकटीच. ऊठ, कोल्बी स्वतःला म्हणत होता, नुसतं ऊठ, तोंडाने काही बोलायचं नाहीये. पण मघाशी टाळ्या वाजवणारे सगळे आता त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली माणसं ती होती. मग नाही म्हणणाऱ्यांची पाळी आली. खुर्च्या खडखडल्या आणि कोल्बी त्यांच्याबरोबर उभा राहिला.

नुसत्या आवाजात हो म्हणणारे बरेच जण उभे राहायला धजले नव्हते, आणि ठराव चांगलाच आपटला. एकट्या कोल्बीने काही फरक पडला नसता. तेवढाही आधार त्याला नको होता, कारण मग तो तिच्या बाजूने उठला असता तरी काय बिघडलं असतं?

जेवणाच्या टेबलामागे नोरीन उभी होती. त्याच्या ताटात तिने बीन्स वाढले, इतरांना वाढले तितकेच. "ब्रेड तिकडे आहे," ती म्हणाली.

त्या शनिवारी दोघं जागा बघायला निघाली. डोंगरापलीकडच्या गावात, कुणाच्या तरी तळघरात एक खोली होती. रस्ता चिखलाने भरला होता. गाडी नोरीन चालवत होती.

"मी ओरडणार नाही," ती म्हणाली. "मला फक्त कळू दे. का केलंस?"

कोल्बीला सांगायचं होतं. अगदी जिवापासून सांगायचं होतं. गाजर, हक्क, तुकडे, गर्दुल्ले, सगळं त्याने मनात चाचपून पाहिलं, आणि त्यातलं एकही आईच्या तोंडावर सांगण्याजोगं नव्हतं. त्याने फोन काढला. सभेतलं त्याचं बोलणं कुणीतरी टिपलं होतं आणि वेड हॉलिस्टरने ते दाखवलं होतं. राज्यभर लोक बघत होते. त्याच्याच वयाच्या पोरांनी खाली लिहिलं होतं की आम्हीही आमच्या गावच्या सभेत बोलणार.

"हा पोरगा बघा," वेड सांगत होता. "याने असं का केलं? सांगतो. याला खोटं ऐकून कंटाळा आलाय."

"मला खोटं ऐकून कंटाळा आला होता," कोल्बी म्हणाला.

नोरीनने गाडी हळू केली. "कोण बोललं तुझ्याशी खोटं? मी?"

 कोल्बीने व्हिडिओ मागे नेला, आवाज वाढवला आणि फोन कानाशी धरला.

"थांब ना, आई," तो म्हणाला. "सांगेल तो आता."