लाल रिंगची कबुली

मित्रांनो, नर्सिंगच्या वर्गात काचेच्या कपाटात एक लाल रबरी रिंग दिसते ना, कडेला ठिगळ असलेली, ती मी.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या अंगाला पावडरचा वास होता. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी मला पंपाने फुगवलं आणि मी त्यांच्या गळ्यातला ताईत झाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेखाली मला ठेवायचं, म्हणजे हाड मधल्या पोकळीत राहतं आणि जखम होत नाही, असं त्या सांगत. कुणी "रुततंय हो" म्हटलं, तर "थोडं सोसा, तुमच्याच भल्यासाठी आहे," म्हणत. बावीस वर्षं सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही फुगूनच होते.

मग अंथरुणाला खिळलेले शिंपीकाका वॉर्डात आले आणि त्यांच्या कमरेखाली मला ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांची मुलगी म्हणाली, "सिस्टर, बाबांना खाली आग होतेय." त्यांना कुशीवर वळवलं, तर कातडीवर लालभडक गोल उमटला होता. थेट माझ्याच मापाचा.

"कूस बदलायला उशीर झाला असेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

शिकाऊ नर्स चाचरत म्हणाली, "वेळेवर बदललीय, तक्ता बघा ना. मी वाचलंय, रिंगच्या कडेनं रक्त अडतं म्हणून. सिस्टर, ही वापरायची हे आपण कशावरून ठरवलं?"

"अगं, माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत."

तेवढ्यात काका कण्हले. सिस्टरांनी मला बाजूला काढलं. दुपारी डबा न उघडता त्या शिकाऊ नर्सने आणलेले संशोधनाचे कागद वाचत बसल्या. मग वॉर्डातले जुने केसपेपर काढले. आजार सारखाच, पण आम्हा रिंगांवर निजलेल्यांना रिंग न वापरलेल्यांपेक्षा जखमा जास्त होत्या.

"आणि मी त्यांना सोसा म्हणत होते," एवढंच त्या म्हणाल्या. मला फार लाज वाटली. माझ्या मनात वाईट नव्हतं, पण त्याने कुणाची पाठ बरी होत नाही.

काकांची कातडी आठवड्याभरात निवळली. बाकीच्या रिंगा भंगारात गेल्या. मला मात्र सिस्टरांनी स्वतः वर्गात आणलं. प्रत्येक नव्या तुकडीच्या हातात मला देऊन त्या म्हणतात, "हिच्यावर माझा जीव होता, म्हणून मी कधी तपासून पाहिलं नाही. तुम्ही मला विचारत जा, कशावरून? मला राग येईल. तरी विचारा."

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुन्हा वापरात आणा. माझं मागणं उलटं आहे. मला खुशाल जपून ठेवा, पण माझ्यात पुन्हा कधी हवा भरू नका.