इष्टलिंगाची आण

शेषेराव क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला अन् तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, पोरीची टीसी कुठंय? सातवी-आठवी कुठं झाली?"

"मस्कतला झाली म्हणलं की साहेब," अंबिका हसून म्हणाली. लातूरच्या शाळेतल्या माणसाला मस्कत कुठं ठाऊक असणार, असंच तिला वाटलं. शेजारी चौदा वर्षांची शिवानी मान खाली घालून उभी होती. "इंग्लिश शाळेत होती. रोज गाडीनं जायची, टाय लावून."

"असंल हो. पण नववीला घ्यायचं तर कागद लागतो. कागदाशिवाय मी देवालाबी घेत न्हाई."

कागद! सगळं पाणी तिथंच तर मुरलं होतं. तीन वर्षांमागं नवरा गेला अन् अंबिका पोरीला घेऊन रेणापूरला भावाकडं आली. पोरीची सहावी तिथं झाली, तेव्हाच अंबिकेच्या भावकीतली रत्नम्मा मस्कतहून सुट्टीला आली होती. तिचा तिकडं जेवणाच्या डब्यांचा धंदा. "चल माझ्यासंगं, भाकरी थापायला हक्काचं माणूस पाहिजे. पोरीलाबी घे, तिकडच्या शाळेत घालते," म्हणाली. अंबिकेचा भाऊ सिद्धराम शहाणा माणूस. तो म्हणाला, शाळेचं तेवढं लिहून घे. तर रत्नम्मानं काय करावं? लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते, ती मुठीत धरली अन् म्हणाली, "हे घे, लिंगावर हात ठेवून सांगते. पोरगी शाळेत जाईल."

झालं! लिंगावर हात ठेवलेल्या माणसाकडं कागद मागायचा म्हणजे जीभ झडायची. अंबिकेनं उलट भावालाच झापलं, "अक्का काय परकी हाय का?"

मस्कतला पहिले दोन महिने लई जड गेले. लिफ्टचं भ्या वाटायचं म्हणून येडी आठ माळे जिना चढायची. पहाटे चारपासून ऐंशी डब्यांच्या भाकऱ्या थापायच्या, मनगटं भरून यायची. पण साडेसहाला पांढरा शर्ट अन् निळा टाय घालून शिवानी रत्नम्माच्या गाडीत बसली, की सगळा शिणवटा जायचा. लेक शिकणार, लातूरला क्लास लावून डॉक्टर होणार, ह्याच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. शाळेच्या मीटिंगला रत्नम्माच जायची. "तुला इंग्रजी कुठं येतंय? अन् निकाल तिकडं मोबाईलवरच असतोय," म्हणायची. शर्ट धुताना खांद्यावर आंबलेल्या दुधाचा वास यायचा. शाळेत दूध देत असतील, सांडत असंल कार्टी, म्हणून अंबिका साबण जरा जास्त लावायची. डोळे असून आंधळी, दुसरं काय!

नववीपासून लातूरलाच शिकवायचं म्हणून मायलेकी परत आल्या होत्या. आता तिनं तिथंच क्लार्कसमोर फोन लावला, स्पीकरवर. "अक्का, शिवानीची टीसी तेवढी व्हॉट्सअॅपवर धाडा. साहेब बसून राहिले."

"कसली टीसी?" पलीकडून रत्नम्मा म्हणाली. मग जरा थांबून गोड आवाजात, "अगं, पोरगी उपाशी ऱ्हायली का कधी? दोन वर्षं एसीत होती. माझ्या सुनेच्या घरी जुळी लेकरं तिनंच सांभाळली, लई गुणाची हाय. शाळेत काय ठेवलंय पोरीच्या जातीला? बरं, ठेवते. डबे भरायचेत."

शेषेराव उगाच रजिस्टरची पानं उलटू लागला.

अंबिकेला आधी काही उमगलंच नाही. मग तो दुधाचा वास आठवला. ती मटकन बाकावर बसली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. परक्या बाईनं नेलं असतं तर तिनं कागद घेतला असता, शंभरदा विचारलं असतं. आपली म्हणून तिनं काहीच विचारलं नाही, हेच तिला जास्त झोंबलं. अन् मग सगळा राग पोरीवर उलटला.

"अन् तू गं? रोज टाय लावून निघायचीस. घरी येऊन सांगायचीस, आज भूगोल झाला, आज गणित झालं. पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला माझा!"

शिवानीनं मान वर केली नाही. "मावशीनं पहिल्याच दिवशी गाडीत आण घातली. माझ्याच गळ्यातल्या डबीवर हात ठेवायला लावला. आईला सांगायचं न्हाई म्हणाली."

"तिनं आपली आण मोडली, अन् तू पाळत बसलीस?"

"तिच्या डबीत लिंगच न्हाई, आई. जुळ्यांनी एकदा तिची डबी ओढली, ती उघडली. आत सोन्याचे कानातले होते नुसते." पोरीचा हात गळ्यातल्या डबीवर गेला. "माझ्या डबीत लिंग हाय ना. मग मी कशी सांगणार?"

अंबिकेनं तिला कवेत घेतलं अन् तिथंच हमसाहमशी रडली. ऑफिसातली माणसं बघत होती, बघू देत.

शेषेराव घसा खाकरून म्हणाला, "ताई, सहावीची टीसी हाय ना रेणापूरची? सातवीला बसवू. दोन वर्षांनी मोठी दिसंल वर्गात, पण बसवू. उद्यापास्नं धाडा."

अंबिकेनं पदरानं तोंड पुसलं. "लिहून द्या."

"अहो, मी सांगतोय की. मीबी लिंगायतच हाय, खोटं बोलंन का?" म्हणत त्यानं सवयीनं छातीवर हात ठेवला.

"हात काढा साहेब," अंबिका म्हणाली. "कागद द्या. सहीशिक्क्याचा."

शेषेरावनं कागद लिहून शिक्का मारला. शिवानीनं तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हाच अंबिका बाकावरनं उठली.