पाणी घातलं

"व्हर्ना या खेळात कधीच नसते. तिला फोन कर. नंबर फक्त तुझ्याकडे आहे."

गॅस्टनचा हा निरोप आला तेव्हा हेल्मीच्या खांद्यावर लूमी रडत होती आणि हेल्मीच्या दातात तापमापकाचं झाकण होतं. पोरीला दात येत होते. गाल लालबुंद, अंग कोमट. तिसऱ्यांदा मोजला तरी ताप काही निघत नव्हता आणि तरीही हेल्मीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाळण्यातल्या पोरीचा श्वास ऐकू आला नाही तर नाकाशी बोट धरून बघणारी बाई ती. नवरा डगल तिला म्हणायचा, "अगं, पोर झोपलीय. तू तिला श्वास घ्यायला उठवतेस."

अशी ही बाई गॅस्टनचा निरोप वाचून चक्क हसली.

हसण्यालाही कारण होतं. 'मुळांचं राज्य' ही मालिका बघणाऱ्यांचा एक मोठा गट होता, कॅनडाभर पसरलेला, आणि हेल्मी त्याची ॲडमिन होती. त्या मालिकेत रानराणीचा शाप लागलेलं माणूस हळूहळू झाड होतं. आधी एक अंग बधिर पडतं, मग बोलणं तुटायला लागतं, मग साल चढते. याला म्हणायचं रुजवण. दर रविवारी भाग सुरू व्हायच्या आधी गटात खेळ रंगायचा: आपल्यालाच रुजवण लागलीय असं लिहायचं, आणि बाकीच्यांनी खाली उत्तर द्यायचं, 'पाणी घातलं'. भाग सुरू होईपर्यंत खेळ मोडायचा नाही. 'खरंच बरं नाही का रे?' असं विचारणाऱ्याचं लिहिलेलं काढून टाकायचं. हा नियम हेल्मीनंच केला होता, कारण अशा विचारणाऱ्यांनी खेळाचा पार विचका करून टाकला होता.

त्या रविवारीही रंग भरला होता. रेजायनाच्या एकानं लिहिलं होतं, "पायाला पालवी फुटलीय, बूट चढेनात. उद्या साहेबांना सांगा, वसंतात येतो." त्याच्याच खाली व्हर्ना होती.

"उजवा हात उचलत नाही. कप पडला. सगळा चहा खाली. कुणी"

एवढंच.

गट खूश झाला. "आज्जी, शेवटी तूही आलीस का लायनीत!" "काय थांबलीस गं 'कुणी'वर! काटा आला अंगावर." आणि मग धो धो: पाणी घातलं, पाणी घातलं, पाणी घातलं.

व्हर्ना हौताला निपिगॉन नावाच्या छोट्या गावात एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, जिभेला धार असलेली बाई. खेळबिळ तिला पोरकट वाटायचे. ती लिहायची ते अंदाज, लांबलचक आणि मुद्देसूद. तिचा एक अंदाज तर गटात चेष्टेचा विषयच झाला होता. रुजलेली माणसं मेलेली नसतात, असं ती म्हणायची. पहिल्या सांजेच्या आत कुणी जवळ जाऊन नावानं हाक मारली तर ती परत येतात. मालिकेत आजवर कुणी परत आलं नाही, कारण कुणी गेलंच नाही. सगळे लांब उभे राहून हळहळतात.

"आज्जी, हे राज्य आहे की बालवाडी?" असं पोरं विचारायची.

"बालवाडीत निदान हजेरी घेतात," व्हर्ना उत्तर द्यायची.

लूमीच्या वेळी हेल्मीला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली होती. तेव्हा रोज दुपारी व्हर्नाचा निरोप यायचा. "पोरी, अजून पडलेली आहेस ना? शाब्बास. आता मालिकेचं ऐक, सेनापती खोटं बोलतोय, का ते सांगते." मग एक दिवस टपालानं पानापानांची नक्षी असलेले इवलेसे हिरवे पायमोजे आले. पाकिटावर तिचा पत्ता होता, आत फोन नंबर होता. शेवटचा भाग दोघींनी एकत्र बघायचा असं ठरलं होतं. व्हर्ना बसनं थंडर बेला हेल्मीकडे येणार, हेल्मी गुलाबी साखर लावलेले गोड पाव आणणार. दोघी एकमेकींना अजून भेटल्याच नव्हत्या.

आणि गॅस्टन? तो सडबरीचा, जन्मभर ट्रक चालवलेला म्हातारा. गटातला अपशकुनी कावळा. मागच्या हिवाळ्यात एक जण चार दिवस गप्प होता म्हणून यानं पोलिसांना पाठवलं. तो गडी गोठलेल्या तळ्यावर मजेत मासे पकडत बसलेला. तेव्हापासून गॅस्टननं तोंड उघडलं की लोक म्हणायचे, "लांडगा आला रे आला."

म्हणून हेल्मीनं एका हातानं लिहिलं, "झालं का पुन्हा सुरू? एकदा तरी हसू दे की तिला."

"बाईसाहेब," त्याचं उत्तर लगेच आलं, "ती चहा पिते तो कप तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, तिनंच सांगितलं होतं. त्या कपावरून ती थट्टा करेल असं वाटतं तुला? एक फोन कर. मी चुकलो तर मला हाकलून दे."

तेवढ्यात लूमी ओकली. हेल्मीचा गाऊन भिजला, फोन भिजला. कपाचं हेच वाक्य गॅस्टननं आता सगळ्यांसमोर, व्हर्नाच्या खालीही लिहिलं होतं. हेल्मीनं फोन पुसला आणि पुसता पुसताच ते काढून टाकलं. नियम म्हणजे नियम. मग पोरीला धुतलं, निजवलं, आणि भाग सुरू झाला.

भाग संपला की सगळ्यात आधी व्हर्नाचा अंदाज यायचा. त्या रविवारी तो आला नाही. दमली असेल, हेल्मीनं मनाशी म्हटलं. सकाळी लूमी हसत उठली, खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात दिसला. हेल्मीनं फोटो काढला आणि व्हर्नाला पाठवायला गेली, तेव्हा तिला दिसलं, कालच्या 'कुणी'नंतर व्हर्नाचं काहीच आलं नव्हतं. तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिनं पाकीट शोधलं आणि निपिगॉनच्या पोलिसांना पत्ता सांगितला. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

व्हर्ना स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. जिवंत होती. उजवं अंग लुळं, शेजारी कपाच्या ठिकऱ्या, आणि डाव्या हाताच्या मुठीत फोन. ज्या शिपायानं दार फोडलं तो साधा होता. त्याला वाटलं सांगितलेलं बरं, म्हणून त्यानं हेल्मीला फोनवर सांगितलं. "बाई, फोन चालू होता. लोकांनी सारखं पाण्याचंच काहीतरी लिहून ठेवलं होतं. म्हातारीच्या ओठांना तर कोरड पडलेली."



व्हर्नाला थंडर बेच्याच इस्पितळात आणलं. डॉक्टरीणबाई सौम्य होत्या. मेंदूत गुठळी अडकली की पहिल्या काही तासांत देता येतं असं औषध असतं, त्या म्हणाल्या. संध्याकाळीच आणलं असतं तर चित्र वेगळं असतं. "पण एकट्या माणसांचं असंच होतं. कुणाला कळणार?"

कळलं होतं, हेल्मीच्या ओठांवर आलं. एकाला कळलं होतं.

पुढच्या रविवारी ती लूमीला कडेवर घेऊन गेली. हिरवे पायमोजे पोरीला आता घट्ट होत होते, तरी तिनं ते ओढूनताणून चढवले होते. गोड पावही आणले होते, सवयीनं की वेडानं कोण जाणे. व्हर्नाला गिळताच येत नव्हतं. नर्स ओल्या बोळ्यानं तिचे ओठ टिपायची, तेवढंच. पलंगावरची बाई हेल्मीच्या कल्पनेपेक्षा कितीतरी लहान होती. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई आणि एवढीशी कुडी.

"व्हर्ना, मी हेल्मी." पहिली भेट ही.

व्हर्नाचा डावा डोळा हलला. लूमीवर गेला, पायमोज्यांवर थांबला. डावा हात किंचित उचलला गेला आणि लूमीनं त्याचं बोट धरलं.

हेल्मीनं खुर्ची जवळ ओढली, टॅबलेट टेबलावर उभा केला, आणि ठरल्याप्रमाणे दोघींनी शेवटचा भाग बघितला. तिघींनी. निम्म्यावर सेनापतीची धाकटी बहीण सगळ्यांचा विरोध मोडून रानात शिरली. सूर्य टेकला होता. साल चढू लागलेल्या नवऱ्याच्या बुंध्याला तिनं मिठी मारली आणि त्याच्या नावानं हाका मारत राहिली. आणि साल तडकली.

"व्हर्ना! बघितलंस? तुझंच खरं झालं! तूच म्हणत होतीस ना, कुणी जवळ गेलं तर..."

व्हर्नानं ओठ हलवले. खूप कष्टानं, एकेक अक्षर वर खेचून काढल्यासारखं ती बोलली. "पाणी."

हेल्मी दचकून उठली. नर्स म्हणाली, "बसा हो. तहान नाहीये त्यांना. काहीही विचारलं तरी हेच म्हणतात. बाकीचे शब्द सगळे गेले, हा एकच राहिलाय. होतं असं, शेवटी मनात जे असेल ते अडकून बसतं."

"पाणी," व्हर्ना लूमीकडे बघून म्हणाली. आवाजात माया होती. मायेलाही आता तेवढाच शब्द उरला होता.

हेल्मीनं बोळा भिजवला आणि तिच्या ओठांना लावला. त्यानंतर व्हर्ना चारच दिवस होती.

गटात शोक झाला, फोटोंना फुलं वाहिली गेली. "आज्जीचा अंदाज बरोबर निघाला" म्हणून लोक रडले. हेल्मीनं खेळ कायमचा बंद केला, आणि गॅस्टनचं काढून टाकलेलं वाक्य शोधून पुन्हा जागेवर ठेवलं. त्याला तिनं लिहिलं, "तुझं बरोबर होतं. मला क्षमा कर असं म्हणायचाही अधिकार मला नाही. पण बोल माझ्याशी."

उत्तर आलं नाही. रागावला असेल, तिला वाटलं. आणि ते वाटताच ती चमकली. असंच तर तिला त्या रविवारी वाटलं होतं. दमली असेल. तिनं गटात शोध घेतला. व्हर्ना गेल्याचं कळलं त्या दिवसापासून गॅस्टननं कुणालाच काही लिहिलं नव्हतं. गटातल्या जुन्या लोकांकडून त्याचा नंबर आणि घराची खूण मिळवून फोन लावला, तर तो नुसता वाजत राहिला. सडबरीच्या पोलिसांना कळवलं. ते म्हणाले बघतो, पण बाहेर बर्फाचं वादळ आहे, वेळ लागेल.

लूमी पायाशी रांगत होती. तिला उचलून घेऊन हेल्मीनं गटाच्या अगदी वरच्या ओळीत लिहायला घेतलं.

"हे वाचणाऱ्यांपैकी सडबरीत कोण राहतं? गॅस्टन बॉइव्हेर, तळ्याच्या बाजूचं शेवटचं घर, अंगणात जुना लाल ट्रक. तो एकटा असतो. इथे खाली काही लिहू नका. हळहळू नका. बूट घाला, कोट घाला आणि जा. दार वाजवा. उघडलं नाही तर खिडकीशी जा आणि त्याला नावानं हाक मारा. सांज व्हायच्या आत. मी फोनपाशी बसलेय."