थर्मामीटरला न पटलेला बर्फ

अहो, जरा हळू झटका! मी थर्मामीटर बोलतोय. काचेचा, पाऱ्याचा, जुना. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. धुतला, पुसला, झटकला, की चालला पुढच्या तोंडात. कारखान्यात मला दोनदा तपासून पास केलं होतं, त्याचा मला भारी तोरा. समोर कोणीही असो, ताप मी बेधडक सांगणार.

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मी मोठ्या सिस्टरच्या खिशात राहायचो. पी-पी करणारी नवी यंत्रं आली, तरी त्यांचा विश्वास माझ्यावरच. "हा बॅटरी संपली म्हणून रुसत नाही," म्हणायच्या.

तिथे दोघं होती. पंधरा वर्षांची टकली. केस गेल्यावर हे नाव तिनेच लावून घेतलं. आणि सोळा वर्षांचा, जाड भिंगांचा ढापण्या. दिवसभर पत्ते आणि भांडणं.

"लबाडी करतोस, मेल्या!"

"हरलीस की तुझं हेच!"

मग ढापण्याला औषधं लागू पडेनाशी झाली. त्याला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. वॉर्डचा नियम कडक होता. अंगात ताप असेल तर दुसऱ्याच्या खोलीत जायचं नाही, आणि ताप आला की लगेच सांगायचं. या मुलांना साधा ताप आला तरी जिवावर बेततं.

एका दुपारी डॉक्टर ढापण्याच्या आईला दारात हळूच म्हणाले, "एखाद-दुसरा दिवस." ते टकलीने ऐकलं. तिला सकाळपासून कणकण होती. बाईसाहेबांनी काय करावं? सरबतातला बर्फ कडाकडा चावला, तोंडभर घोळवला आणि सिस्टर आल्यावर शहाण्यासारखा आ केला. मी गारठलोच. पारा अठ्ठ्याण्णवच्या पुढे सरकेना.

"जा, दहा मिनिटंच हं," सिस्टर म्हणाल्या.

खिशात माझी नुसती तगमग चालली होती. जरा वेळाने सिस्टर सलाईन बदलायला त्याच्या खोलीत शिरल्या. टकलीने नुकताच त्याचा हात धरला होता. त्याने डोळे उघडले.

"टकले, तू तापलीयेस."

"गप रे. पत्ते आणलेत."

"सिस्टर, हिला ताप आहे. बघा ना."

"चुगलखोर! तोंड नाही बघणार तुझं!"

"नको बघूस. पण जा."

सिस्टरनी मला तिच्या काखेत लावलं. एकशे तीन! एकच धावपळ उडाली. टकलीला जवळजवळ ओढतच नेलं. इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली म्हणून वाचली, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढापण्या गेला. टकलीला ते सिस्टरनी चार दिवसांनी, ताप उतरल्यावर सांगितलं. ती आधी चिडली, उशी फेकली. मग विचारलं, "शेवटी काही बोलला?"

"सारखं एकच. तिचा ताप किती?"

"मग?"

"म्हटलं, अठ्ठ्याण्णव. गाढ झोपलीये."

"आणि खरा किती होता?"

"एकशे चार."

टकली सिस्टरना बिलगून हमसाहमशी रडली.

ती आता घरी गेलीये. माझे आकडे पुसट झाले म्हणून मला ड्रॉवरमध्ये टाकलंय. पडून राहणं मला सोसत नाही, सारखी चुळबुळ होते. मुलांनो, पाया पडतो, ताप लपवू नका. मला फसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण सिस्टर, त्या सकाळी तुम्ही ढापण्याला सांगितलेल्या अठ्ठ्याण्णववर माझी काही हरकत नाही.