तळाच्या तिरक्या ओळी

मित्रांनो, मी पिंपरीच्या बाजारातला एक जुना मराठी टाइपरायटर आहे. हल्ली माळ्यावर धूळ खात पडलोय, त्यामुळे बोलायला मोकळा आहे. शफीभाईंच्या दुकानात मी नोकरीचे अर्ज, कोर्टाचे कागद आणि कॉलेजचे प्रबंध टाइप केले. माझ्या ठसठशीत अक्षरांची लोक तारीफ करत. पुढे माझा कागद धरणारा रूळ झिजला. पान संपत आलं की कागद निसटायचा आणि तळाच्या ओळी तिरक्या यायच्या.

सत्तरच्या दशकात ज्योतीराम त्याचा एम.ए.चा प्रबंध घेऊन आला. कंपनीत शिफ्ट करून शिकलेला माणूस. विषय होता कामगारांच्या बायकांचा संसार. कोणती माहिती कुणाकडून घेतली, हे त्यानं प्रत्येक पानाखाली तळटीपेत लिहिलं होतं. त्या टिपा तिरक्या येऊ लागल्या तसा तो वैतागला. शफीभाई म्हणाले, पान थोडं वरच संपवू, टिपा नीट बसतील. पण प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर आली होती आणि पदवी मिळताच कॉलेजात नोकरी ठरलेली. त्यानं टिपाच गाळायला लावल्या. शेवटी पुस्तकांची यादी आहे, तेवढी पुरे, म्हणाला. खापर मात्र माझ्यावर फोडलं. त्याचा मला अजून राग येतो.

प्रबंध बांधायला जायच्या दिवशी कुरुळी गावच्या शाळेतल्या शिक्षिका सुमनताई आल्या. त्यांच्या लेखाचा ज्योतीरामनं आधार घेतला होता, म्हणून मोठ्या हौसेनं वाचायला बसल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "तो कामावरून येतो तेव्हा मी झोपलेली असते, मी उठते तेव्हा तो झोपलेला असतो. मुलांना वाटतं, घरात एकच माणूस जागा असतो."

हे आमच्या गावातल्या एका कामगाराच्या बायकोचं, यशोदाबाईंचं बोलणं, सुमनताई म्हणाल्या. लेखात त्यांनी ते यशोदाबाईंच्या नावानिशी दिलं होतं; प्रबंधातून ते नाव टिपेबरोबरच गळलं होतं.

ज्योतीराम चाचरला. त्यानं गावाकडची बोली शुद्ध केली होती, शब्द बदलले होते. मग ती चोरी कशी, म्हणाला. वर मशीनच खराब.

"शब्द बदललेस रे, पण बोललं कोण?" सुमनताई म्हणाल्या. "यशोदाबाई गेल्या वर्षी वारली. तिच्या नावावर एवढंच उरलं होतं."

ज्योतीरामनं सगळी पानं पुन्हा शफीभाईंपुढे ठेवली.

"पयल्यापासनं घ्या, शफीभाई."

तारीख हुकली. ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. मला फार वाईट वाटलं.

पान कितीही वर संपवलं तरी यशोदाबाईंचं नाव जरा तिरकंच आलं. शफीभाई ते खोडायला निघाले, तर ज्योतीरामनं त्यांचा हात धरला.

"असू द्या. तिरकं असलं तरी हाय."

मित्रांनो, तुम्ही लिहाल तेव्हा ज्याचं घेतलं त्याचं नाव तिथंच, त्याच पानावर लिहा. जागा कमी पडली तर आपलं थोडं कमी लिहा.