ढब्बूसाठी एक पिवळी पिशवी

माझा धाकटा भाऊ ढब्बू तीन वर्षांचा आहे. त्याच्या हृदयात एक भोक होतं आणि ते ठरलेल्या दिवशी बुजवायचंच, हे माझ्या बाजूने पक्कं होतं. सर्जनबाईंची मात्र एक अट होती.

ऑपरेशन चालू असताना रक्त मशीनमधून फिरवतात. तिथे ते गोठू नये म्हणून औषधाने पातळ करतात आणि शेवटी दुसऱ्या औषधाने पूर्ववत करतात. पण एवढ्याशा पोराचं रक्त ते किती! मशीनमध्ये फिरून त्यातल्या प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांची, पार वाट लागते. मग टाके घातले तरी रक्त झिरपत राहतं. म्हणून ताज्या प्लेटलेट्सची पिशवी आदल्या दिवशीच तयार हवी, नाहीतर तारीख पुढच्या महिन्यात. आणि ढब्बूचे ओठ तर एक जिना चढला तरी निळे पडत होते.

बाबांचा रक्तगट वेगळा, आईच्या अंगात रक्तच कमी. पण काकाचा गट जुळत होता. काका गोदामात पोती उचलतो, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. पिशवी कसली, बादली भरून देतो, असं तो आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्तपेढीतल्या ताईंनी त्याला विचारलं, गेल्या तीन दिवसांत दुखण्यावरची गोळी घेतलीत का? काका अभिमानाने म्हणाला, "आज सकाळीच घेतली. दोन. सुई टोचताना दुखायला नको."

ताईंनी पेन खाली ठेवलं. त्या गोळीने प्लेटलेट्स काही दिवस निकामी होतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. काका हवा गेलेल्या फुग्यासारखा बाकावर बसला. बाबा भिंतीकडे बघत राहिले. आई ढब्बूचा मोजा पुन्हा पुन्हा वर ओढत होती, आणि तो वरच होता.

मागच्या वर्षीपर्यंत मी दुकानात सुटे मागायलासुद्धा आईला पुढे करायचे. पण आता तसं चालणार नव्हतं. मी बाबांच्या खिशातून फोन काढून घेतला आणि आत्याला लावला. आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. तिचाही गट तोच, पण फुंकर मारली तर उडेल असं ठरवून तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"आत्या, तुझं वजन किती?"

"कार्टे, हे विचारायला कामाच्या वेळी फोन केलास?"

मी सगळं एका दमात सांगितलं, वजन पन्नास किलोच्या वर लागतं हेसुद्धा. छप्पन्न, ती म्हणाली, आणि काकाला कळता कामा नये. गोळी घेतलीस का, मी विचारलं. तुझ्या काकाचं बोलणं ऐकून डोकं रोज दुखतं, पण गोळी नाही घेत. मालकाला काय सांगितलं देव जाणे, पण थोड्याच वेळात ती धापा टाकत हजर झाली.

पुढचं काही सोपं नव्हतं. तिच्या शिरा दोऱ्यासारख्या. ताईंनी उजवा हात चाचपला, नको म्हणाल्या. मग गरम पाण्याची पिशवी ठेवून डावा शेकला, मी तिला रबरी चेंडू दाबायला लावला, तेव्हा कुठे एक शीर वर आली. मशीन रक्त घेई, प्लेटलेट्स वेगळ्या काढी आणि उरलेलं तिलाच परत देई. मध्येच तिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. असं होतं, म्हणत ताईंनी कॅल्शियमची गोळी दिली आणि थांबवायचं का, विचारलं.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पिशवी भरेपर्यंत मशीन बंद करायचं नाही," ती म्हणाली. मी तिचा दुसरा हात धरून शाळेतल्या सगळ्या चहाड्या सांगत सुटले, खऱ्या संपल्यावर खोट्यासुद्धा. पिशवी भरली. आतल्या प्लेटलेट्स लाल नव्हत्या, फिकट पिवळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. भोक नीट बुजलं, पण रक्त थांबत नव्हतं. पातळ करणाऱ्या औषधाचा असर उतरवला, टाके पुन्हा तपासले, तरी झिरपतच होतं. मग तुमची पिशवी लावली, असं त्या म्हणाल्या. "आता कमी होतंय. पण अजून बघावं लागेल."

मला काचेतून बघायची परवानगी मिळाली. आत झिरपणारं रक्त बाहेर काढायला ढब्बूच्या छातीतून एक नळी खाली डब्यात गेली होती. सिस्टरनी बोटाने नळी दाखवली. थेंब थांबले की समजायचं रक्त थांबलं, त्या म्हणाल्या. एक लाल थेंब टोकाशी आला आणि तिथेच लोंबकळत राहिला. तो पडेल म्हणून मी कपाळ काचेला टेकवून वाट बघत राहिले. सिस्टर दोनदा येऊन बघून गेल्या. तो पडला नाही.